कर्मवीर भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. खेड्यातील गरीब मुलांसाठी सर्व जातिधर्मांची सामाईक वसतिगृहे चालविणे आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण देणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते. ही वसतिगृहे प्रामुख्याने शेतकऱ्याच्या घरातील धान्यावर चालली. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा कडधान्याची आमटी आणि चटणी हे तेथील जेवण स्वस्त होते, आणि ते सर्वांसाठी एकाच चुलीवर शिजत असे. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात शाळांइतकेच महत्त्व या स्वयंपाकघरांना आहे.

बालपण आणि शिक्षण

भाऊरावांचा जन्म सध्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. आईचे नाव गंगूबाई. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्या काळी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला व १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे भाऊरावांच्या आरंभीच्या कार्याच्या संदर्भात सातारा जिल्हा असा उल्लेख येतो तेव्हा त्यात आजचा बराचसा सांगली जिल्हाही गृहीत धरावा लागतो.

वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण दहिवडी, विटे अशा ठिकाणी झाले. ही दोन्ही गावे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील आहेत. पावसाने दगा दिला की कणगीतले धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरविणे हीच तेथील कुटुंबांपुढची वर्षभराची चिंता असे. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले.

छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभारण्यास प्रोत्साहन दिले होते. स्वतंत्र वसतिगृहांमागे एक व्यावहारिक कारण होते. त्या काळात वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली असती, तर अनेक पालकांनी आपली मुले तेथे पाठवलीच नसती. शिक्षण आधी घराघरांत पोहोचावे, पंगतीचा प्रश्न नंतर सोडवता येईल, असा तो मार्ग होता. भाऊरावांनी पुढे नेमका हा उरलेला प्रश्न हाती घेतला.

त्याची पहिली चुणूक विद्यार्थिदशेतच दिसली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. तेथील समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून जैन वसतिगृहाचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याशी त्यांचा वाद झाला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांचा सहवास मात्र त्यांना लाभला आणि त्याचा ठसा आयुष्यभर टिकला. शालेय अभ्यासात ते रमले नाहीत. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्यांना पूर्ण करता आले नाही.

विवाह आणि व्यवसाय

कुंभोज येथील पाटील घराण्यातील आदाक्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. भाऊरावांनी साताऱ्यात काही काळ शिकवण्या घेतल्या. त्यामुळे त्यांना पाटील मास्तर म्हटले जाई. पुढे त्यांनी ओगले काच कारखाना, किर्लोस्कर आणि कूपर या उद्योगांसाठी काम केले. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत शेतकऱ्यांच्या ओळखी झाल्या आणि कोणत्या गावात काय पिकते, कोणाच्या घरी किती उरते याची माहिती झाली. वसतिगृहांसाठी धान्य गोळा करताना ही माहिती त्यांच्या उपयोगी पडली.

१९१४ मध्ये कोल्हापुरात सम्राट सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गुंतविण्यासाठी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आणण्यात आला. ज्या लठ्ठ्यांमुळे वसतिगृह सोडावे लागले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलण्यास त्यांनी नकार दिला व कोठडीत छळ सोसला. तेथे त्यांनी आत्महत्येचा प्रयत्नही केला होता.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

सध्याच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथे १९१० च्या सुमारास भाऊराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविण्याचा प्रयोग केला होता. त्याला व्यापक रूप मिळाले ते कराड तालुक्यातील काले येथे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि वसतिगृह सुरू करण्यात आले. १९२१ मध्ये वाळवा तालुक्यातील नेर्ले येथे वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास हलविण्यात आले. तेथील वसतिगृह पुढे धनिणीच्या बागेत वाढले.

शाळेऐवजी वसतिगृहापासून सुरुवात करण्याचे कारण खेड्यातील परिस्थितीत होते. माध्यमिक शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असत. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी मागून किंवा सात घरी वार लावून जेवण्याची परंपरागत सोय होती. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना अशी कोणतीही सोय उपलब्ध नव्हती. फी माफ झाली तरी शहरात राहून दोन वेळा खायचे काय, हा प्रश्न सुटत नसे आणि मुलगा गावी परतत असे. भाऊरावांच्या दृष्टीने शिक्षणातील पहिली अडचण जेवणाची होती.

वसतिगृहातील स्वयंपाक

वसतिगृहांचा अन्नखर्च भागविण्यासाठी भाऊरावांनी मुष्टिफंड ही पद्धत राबविली. रोजचे दळण जात्यावर घालण्यापूर्वी घरच्या बाईने त्यातले मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ठरलेल्या दिवशी ते वसतिगृहासाठी द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. रोख पैसा नसलेल्या घरालाही ही देणगी परवडत असे. एका मुठीत सुमारे ५० ग्रॅम धान्य मावते असे धरले, तर शंभर घरांच्या गावातून महिन्याला १५० किलो धान्य जमते. एका वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानल्यास एवढ्यात दहा मुलांची भाकरी भागते. या हिशेबात देणाऱ्याचे घर उपाशी राहत नाही आणि कोणी एक धनिक वसतिगृहाचा मालकही होत नाही. सुगीच्या दिवसांत भाऊराव स्वतः गावोगाव फिरून ज्वारी, बाजरी आणि कडधान्ये मागत. अनेक विद्यार्थीही घरून धान्य आणीत.

धान्य त्या भागात पिकणारेच असे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची शाळू ज्वारी, पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागांत बाजरी, मटकी व हुलगा, तर पश्चिमेकडील जावळी-पाटणच्या डोंगराळ पट्ट्यात भात व नाचणी, अशी पिकांची विभागणी होती. शेतकऱ्याच्या घरात वर्षभराचा साठा कणगीत, उतरंडीत किंवा जमिनीखालच्या पेवात ठेवला जाई. पालेभाजी मिळेल त्या दिवशी खायची आणि न मिळेल त्या दिवशी साठवणीतल्या डाळीचे, पिठाचे किंवा सांडग्यांचे कालवण करायचे, हा घरोघरचा रिवाज होता. हुलग्याचे माडगे, शेंगोळी, ज्वारीच्या कण्या, डाळीच्या पिठाचे पिठले, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा हे सारे पदार्थ याच साठ्यातून तयार होतात. बाजारातून आणायचे ते मीठ आणि थोडे तेल. इटलीतील ग्रामीण भागात शिळा पाव, घेवडा आणि मक्याचे पीठ यांवर उभ्या राहिलेल्या शेतकरी स्वयंपाकाला आज जगभर प्रतिष्ठा मिळाली आहे. सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याचा स्वयंपाक त्याच जातकुळीचा आहे. त्याला मात्र बराच काळ गरिबाचे खाणे एवढीच ओळख होती.

सामुदायिक स्वयंपाकासाठी भाकरी विशेष सोयीची ठरते. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसल्याने ती लाटता येत नाही. गरम पाण्यात पीठ मळून ती हाताने थापावी लागते. तिला तेल किंवा तूप लागत नाही. तवा, चूल आणि थोडे जळण एवढ्यावर ती होते. सकाळची भाकरी दुपारी शेतावर नेता येते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी चटणीबरोबर किंवा ताकात कुस्करून खाता येते. ज्वारी-बाजरीतील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते व डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. त्यामुळे भाकरी आणि आमटी ही जोडी एकत्र खाल्ल्यास प्रथिनांची गरज बऱ्याच अंशी भागते. कष्टाची कामे करून शिकणाऱ्या मुलांना हे साधे जेवण पुरे पडण्यामागे हेही एक कारण होते. पोषणाची खरी अडचण पदार्थांच्या साधेपणापेक्षा धान्य वेळेवर न पोहोचण्यात होती, आणि तशी वेळ अनेकदा येई.

स्वयंपाक, वाढप, भांडी, पाणी भरणे आणि सफाई ही कामे विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करावीत, असा नियम होता. धनिणीच्या बागेत भाजीपाला व इतर शेतीची कामेही मुलेच करीत. भाकरी थापणे हे स्त्रियांचे काम समजले जात असे. खेड्यातून आलेल्या मुलाला ते शिकावे लागणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणाच्या हातची भाकरी कोणी खायची, याचा जातीने घालून दिलेला क्रम येथे मोडला. मराठा, महार, मांग, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर अशा निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एकाच पिठाची भाकरी करीत आणि एकाच ओळीत बसून खात. वर्गात शेजारी बसण्यास मान्यता देणारे पालकही या पंगतीला बिचकत. गावाकडून विरोध झाला तरी भाऊरावांनी स्वयंपाकघर वेगळे करण्याची तडजोड केली नाही. सहभोजनाचे कार्यक्रम त्या काळी सुधारक मंडळी अधूनमधून करीत असत. रयतेच्या वसतिगृहात मात्र ते दररोज दोन वेळा घडत होते, आणि त्याचा समाजावरील परिणाम एखाद्या दिवसाच्या समारंभाहून अधिक टिकाऊ ठरला.

लक्ष्मीबाईंचा वाटा

वसतिगृहाचा प्रत्यक्ष संसार लक्ष्मीबाईंनी सांभाळला. त्या संपन्न पाटील घराण्यातील होत्या. सोवळ्या-ओवळ्याचे कडक संस्कार, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमुळे वर्ज्य असा पारंपरिक जैन घरांचा आचार असे. अशा वातावरणातून आलेल्या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या चुलीपाशी घेतले, याची नोंद भाऊरावांच्या निर्णयाच्या बरोबरीने घेणे आवश्यक आहे. तत्त्व भाऊरावांनी ठरविले. रोजच्या रोज ते पाळण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. वसतिगृहातील मुले त्यांना वहिनी म्हणत आणि भाऊरावांना अण्णा.

भाऊराव बहुतेक काळ दौऱ्यावर असत. अशा वेळी धान्य संपले की तजवीज लक्ष्मीबाईंनाच करावी लागे. त्यासाठी त्यांनी आपले दागिने एकेक करून मोडले. एकदा वसतिगृहातील धान्य पूर्ण संपले असता त्यांनी मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. सौभाग्यवती स्त्रीने मंगळसूत्र उतरविणे हे त्या समाजात अशुभाची परिसीमा मानले जाई. त्यामुळे या प्रसंगाला संस्थेच्या इतिहासात मोठे स्थान मिळाले. तो सांगताना त्यामागची स्थिती मात्र अनेकदा मागे पडते. आश्वासने मिळालेली असत, वर्गण्या ठरलेल्या असत, पण त्या संध्याकाळी चुलीवर ठेवायला पीठ नसे. लक्ष्मीबाईंचे १९३० मध्ये निधन झाले. रयत माउली या नावाने त्यांचे स्मरण केले जाते.

मान्यता आणि विस्तार

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी साताऱ्याच्या वसतिगृहाला भेट दिली. त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करून जेवतात आणि तेही अल्प खर्चात, याचे गांधीजींना विशेष कौतुक वाटले. १९३२ च्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. शाळा नसलेल्या खेड्यांसाठी व्हॉलंटरी शाळांची योजना त्यानंतर आली. साताऱ्याजवळील यवतेश्वर येथे १९३८ मध्ये अशी पहिली शाळा उघडण्यात आली. १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांनी फीऐवजी श्रम द्यावेत अशी व्यवस्था होती. १९४७ मध्ये याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले व कमवा आणि शिका ही योजना महाविद्यालयीन पातळीवर आली. विद्यार्थी शेतात राबत, खडी फोडत, बांधकामावर काम करीत आणि त्यातून आपल्या राहण्या-जेवण्याचा खर्च उचलत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथे उभारलेल्या संस्थेशी भाऊरावांच्या कार्याची तुलना केली जाते. तेथेही कृष्णवर्णीय विद्यार्थी विटा पाडून, शेती करून शिक्षण घेत. दोन्हींतील साम्य श्रमाच्या प्रतिष्ठेत आहे. फरक असा की टस्कीगी ही एका वंचित समाजाची संस्था होती, तर रयतेच्या वसतिगृहात परस्परांशी रोटीव्यवहार नसलेले अनेक समाज एकत्र आणायचे होते. त्यामुळे येथे शेत आणि वर्ग यांच्या बरोबरीने स्वयंपाकघर हे शिक्षणाचे ठिकाण बनले.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान थांबविले आणि संस्था पुन्हा लोकांच्या मदतीवर विसंबून राहिली. संत गाडगेबाबांनी मध्यस्थी केल्यानंतर अनुदान सुरू झाले. गाडगेबाबा आणि भाऊराव यांचा स्नेह जुना होता. हातात खापर घेऊन मिळेल ती भाकरी खाणारे आणि दारोदार स्वच्छतेचा व शिक्षणाचा उपदेश करणारे गाडगेबाबा भाऊरावांना आपल्या कार्याचे आधार वाटत. १९५४ मध्ये कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले.

राहणी आणि अखेरचे दिवस

उत्तरायुष्यात दाढी वाढविलेले, अनवाणी चालणारे, खादीचे जाडेभरडे कपडे, खांद्यावर घोंगडे आणि हातात काठी असलेले भाऊराव ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित होते. ते धान्य आणि देणगी मागायला येत तेव्हा मागणारा आणि देणारा यांच्या वेषात फरक दिसत नसे.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी बहाल केली. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये, तीन महाविद्यालये, अनेक अध्यापक विद्यालये आणि तिसाहून अधिक वसतिगृहे चालू होती. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह असून संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यातच आहे. २२ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून कर्मवीर जयंती म्हणून साजरा होतो.